९० सेंमीच्या स्टीम लाँचसाठी छोटं वाफेचं इंजिन: कोणतं घ्यावं?

हौशी_नावाडी

नमस्कार मंडळी,

जुन्या धाटणीच्या स्टीम लाँचचं मॉडेल बांधतोय. फायबरग्लासचा हल (होडीचं बाहेरचं अंग) तयार आहे. पाण्याच्या रेघेवर लांबी ९० सेंमी, रुंदी २४ सेंमी, आणि साधारण ७ सेंमी बुडावा असा हिशेब आहे. रेडिओ चार चॅनेलचा. अपेक्षा मोजक्याच: एका भरणीत २० मिनिटं चालावी, पुढे-मागे दोन्ही जावी, आणि दर वेळी हाताने चाक फिरवून सुरू करावी लागू नये. वेग माणूस रमतगमत चालतो तेवढा पुरे.

इंजिनाचे तीन पर्याय समोर आहेत.

पहिला म्हणजे ऑनलाइन मिळणारा तयार संच. एकच डुलता सिलिंडर, वाफ एकाच बाजूने, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १० मिमी. सोबत स्पिरिटच्या दिव्यावर तापणारा छोटा बॉयलर येतो.

दुसरा, जुळ्या डुलत्या सिलिंडरांचं इंजिन. बोअर १०, स्ट्रोक १२, वाफ दोन्ही बाजूंनी, क्रँक एकमेकींशी ९० अंशांत. बॉयलर वेगळा बघावा लागेल.

तिसरा, स्टुअर्ट टेन-व्ही या एक सिलिंडरच्या मॉडेल इंजिनाच्या ओतीव भागांचा संच मागवायचा आणि भोसरीत एखाद्या टर्नरकडून मशीनिंग करून घ्यायचं. खरं सांगायचं तर मन याच्यावरच बसलंय, उभं इंजिन उघड्या लाँचमध्ये झकास दिसतं.

कोणतं घ्यावं? आणि बॉयलर किती मोठा लागेल हे कुणी आकड्यांत सांगू शकेल का? जो तो ‘मोठा घ्या’ एवढंच सांगतो.


वाफ_आणि_तांबं

तुम्ही इंजिन आधी निवडताय आणि बॉयलर मागून. तिथेच गडबड आहे. होडीला किती ओझं पेलतं ते बघा, त्यात बसेल एवढा बॉयलर ठरवा, आणि तो बॉयलर दर मिनिटाला जेवढी वाफ देईल तेवढीच खाणारं इंजिन घ्या. आता आकडे.

ओझं: ९० × २४ × ७ सेंमी, गुणिले ०.४५. लाँचचा हल निमुळता असतो म्हणून हा ०.४५. उत्तर येतं सुमारे ६.८ किलो. हल, डेक, रेडिओ आणि बॅटरी मिळून अडीच-तीन किलो गेले, म्हणजे इंजिन, बॉयलर, पाणी, गॅसची टाकी या सगळ्याला साडेतीन ते चार किलो उरतात.

वाफेची भूक: तुमचा दुसरा पर्याय घेऊ. १० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ०.७८५ चौ. सेंमी, स्ट्रोक १.२ सेंमी, म्हणजे एका भरणीत ०.९४ घनसेंमी. सिलिंडर दोन, वाफ दोन्ही बाजूंनी, म्हणजे एका फेऱ्यात चार भरण्या, ३.७७ घनसेंमी. मिनिटाला ८०० फेरे धरले तर सुमारे ३,००० घनसेंमी वाफ. गेजवर २ बार दाब असताना १ ग्रॅम पाण्याची साधारण ६०० घनसेंमी वाफ होते. म्हणजे कागदावर मिनिटाला ५ ग्रॅम पाणी.

पण कागदावरच. एवढ्याशा सिलिंडरच्या भिंती वाफेला थंड पडतात, आत शिरल्या शिरल्या बरीच वाफ पाणी होऊन जाते. शिवाय पोर्टांतून (वाफेच्या भोकांतून) आणि ग्लँडमधून (पिस्टनच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) गळती असतेच. त्यामुळे दीडपट ते दुप्पट धरायचं. म्हणजे मिनिटाला ८ ते १० ग्रॅम. मी ९ धरतो.

आता बॉयलर. गॅसवर नीट तापणाऱ्या तांब्याच्या बॉयलरसाठी जुना ठोकताळा असा: तापणाऱ्या पृष्ठभागाच्या दर १०० चौ. सेंमीमागे मिनिटाला सुमारे अडीच ग्रॅम वाफ. ९ ग्रॅम हवी तर ३६० चौ. सेंमी लागतील. उदाहरण म्हणून आडवा बॉयलर घ्या: बाहेरचा व्यास ९० मिमी, लांबी १६० मिमी, आतून ४५ मिमीची एक धुराची नळी, आणि त्या नळीत आडव्या टाकलेल्या १० मिमीच्या १० पाणनळ्या. धुराच्या नळीचे २२६ आणि पाणनळ्यांचे १४१, एकूण ३६७ चौ. सेंमी. बसलं गणित.

आता यात बहुतेक जण कुठे फसतात ते बघा. या बॉयलरमध्ये पाणी मावतं ७०० घनसेंमीच्या वर. कुणी म्हणेल, ९ ग्रॅमने तासभर चालेल! नाही चालणार. धुराच्या नळीचा माथा पाण्याखालीच राहायला हवा, आणि वर वाफेला जागाही हवी. नळी तळापासून ८ मिमी वर बसवली तर तिचा माथा ५३ मिमीवर येतो. पाणी ७२ मिमीच्या वर भरलं तर उकळताना पाण्याचे शिंतोडे वाफेसोबत इंजिनात जातात. म्हणजे वापरता येणारं पाणी फक्त ५३ ते ७२ मिमी या पट्ट्यातलं, सुमारे २३५ घनसेंमी. भागिले ९, झाली २५-२६ मिनिटं. तुम्हाला २० हवीत, म्हणजे हातात थोडी शिल्लक राहते. अशा बॉयलरचं रिकामं वजन फिटिंगसकट दीड-पावणेदोन किलो होतं, तेव्हा तुमच्या ओझ्यातही बसतो.

याच मापाने बाकीचे दोन बघा. टेन-व्हीचा बोअर पाऊण इंच, स्ट्रोक पाऊण इंच. दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ ११ घनसेंमी. ५०० फेऱ्यांवर ठेवलं तरी गळती आणि वाफेचं पाणी होणं धरून मिनिटाला १४ ग्रॅमच्या आसपास. त्याचा स्लाइड व्हाल्व्ह (सरकणारी वाफेची झडप) स्ट्रोक संपायच्या थोडं आधी वाफ तोडतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी धरा. तरी ५०० चौ. सेंमीच्या वरचा बॉयलर आलाच, आणि तो तुमच्या चार किलोंत बसत नाही. शिवाय सिलिंडर एकच. डेड सेंटरवर, म्हणजे पिस्टन अगदी टोकाला असताना, थांबलं की हाताने फिरवा. तुमची तिसरी अट तिथेच मोडली.

पहिला पर्याय एका फेऱ्यात अर्धा घनसेंमी वाफ घेतो. टेबलावर ठेवून मुलांना दाखवायला उत्तम. ७ किलोची होडी ढकलायला नाही, आणि रिव्हर्सही नाही.

तेव्हा दुसरा. ९० अंशांतल्या दोन क्रँक असल्या की एक पिस्टन टोकाला असताना दुसरा मध्यावर असतो, म्हणून कुठूनही आपण होऊन सुटतं.


स्लाइड_व्हाल्व्ह

निष्कर्ष मान्य, पण टेन-व्हीला इतकं झटकन बाद करू नका. १२० सेंमीच्या वरच्या रुंद हलमध्ये ते मस्त चालतं, आणि त्याचं जुळं भावंड, डी-टेन, आपण होऊन सुरूही होतं. इथे हल लहान आहे एवढाच मुद्दा.

डुलतं इंजिन घेणार असाल तर ते हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो, कारण फोटोत सगळीच सारखी चकाचक दिसतात.

डुलत्या इंजिनात वेगळा व्हाल्व्ह नसतो. सिलिंडर स्वतःच खुंटीवर मागेपुढे डुलतो आणि त्याच्या सपाट पाठीवरचं भोक समोरच्या उभ्या पट्टीतल्या वाफेच्या आणि सुटीच्या (वापरलेली वाफ बाहेर सोडणाऱ्या) भोकांवरून फिरतं. सगळी मदार त्या दोन सपाट पाठींवर. मार्करने पट्टीवर रेघोट्या मारा, सिलिंडर बसवून दहा-बारा वेळा हाताने डुलवा, काढून बघा. रेघोट्या सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर पाठ सपाट. मधेच रंग तसाच राहिला तर तिथून वाफ निसटणार. तेवढं काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेल लावून, आठच्या आकड्यात घासून दुरुस्त होतं.

दुसरी गोष्ट स्प्रिंग. सिलिंडरला पट्टीवर दाबून धरणारी स्प्रिंग सैल असेल तर ठरावीक दाबाच्या वर सिलिंडर उचलला जातो आणि फस्सकन वाफ सुटते. नवखा माणूस मग स्प्रिंग पिळत जातो. पिळली की घर्षण वाढतं, इंजिन मंद वेगात अडखळतं आणि पाठ लवकर झिजते. योग्य जुळणी अशी: कामाचा दाब २ बार असेल तर अडीच बारला पाठ किंचित कुजबुजायला लागली पाहिजे. हे वाफेवर नको, सायकलच्या पंपाने किंवा छोट्या कॉम्प्रेसरच्या हवेवर करा.

रिव्हर्स: डुलत्या इंजिनात वाफेची आणि सुटीची वाट आपसात बदलली की इंजिन उलटं फिरतं. एका फिरत्या व्हाल्व्हला एक सर्व्हो (रेडिओवर हलणारी छोटी मोटर) जोडला की पुढे, थांबा, मागे, आणि मधल्या सगळ्या गती एकाच काडीवर. म्हणून रेडिओच्या होडीला हा प्रकार सोयीचा. स्लाइड व्हाल्व्हला हे चालत नाही, कारण तिथे वाफेचा दाबच व्हाल्व्हला वरून दाबून बसवतो. वाट उलटी केली की दाब खालून येतो आणि व्हाल्व्ह उचलला जातो. त्याला स्टीफन्सन लिंक (व्हाल्व्हची वेळ बदलणारी दांड्यांची जोडणी) किंवा तत्सम काही लागतं, म्हणजे आणखी चार-सहा बारीक भाग आणि आणखी चार-सहा ठिकाणी ढिलाई.

पिस्टन व्हाल्व्हचं तयार इंजिन कुणी गळ्यात मारत असेल तर एक लक्षात ठेवा. थंड इंजिनात पहिली वाफ पाणी होते. ते सिलिंडरमध्ये अडकलं तर दबत नाही. डुलतं सिलिंडर पाठीवरून उचललं जातं, स्लाइड व्हाल्व्हही उचलतो, पाणी निसटतं. पिस्टन व्हाल्व्हला ती पळवाट नाही. जोरात वाफ सोडली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाला सिलिंडरच्या दोन्ही टोकांना निचऱ्याचे कॉक नसतील तर घेऊ नका.


हौशी_नावाडी

वा, मनापासून धन्यवाद. टेन-व्हीचा मोह सोडला, तूर्तास. ‘दोन’ नक्की.

बॉयलरबद्दल आणखी विचारतो. तयार बॉयलर परदेशातून मागवणं महाग पडतंय. पुण्यातच करून घेता येईल का? तांबट आळीत विचारावं असं एका मित्राचं म्हणणं. दुसरा म्हणतो, पितळी पाइप घे, कापायला-वळवायला सोपा, आणि साध्या कथलाने डाग. चालेल?


पेठेतला_झाळकर

पितळी पाइप नाही. कथलही नाही. दुसऱ्या मित्राला होडी सोडायला बोलवा, बांधायला नको.

कारणं सांगतो. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. गरम पाणी आणि वाफ यांच्या सतत संपर्कात जस्त झिजून निघून जातं आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून बॉयलरचं अंग तांब्याचं, आणि त्यात फिटिंग बसवायचे बुश (आट्यांच्या कड्या) गनमेटलचे किंवा ब्राँझचे. गेज, कॉक वगैरे बाहेरून स्क्रूने बसणाऱ्या गोष्टी पितळेच्या असल्या तर हरकत नाही, त्या काढून बघता येतात आणि बदलता येतात.

६०-४० कथल साधारण १९० अंशांत पूर्ण वितळतं. सेफ्टी व्हाल्व्ह सुटतो त्या ३ बार दाबाच्या वाफेचं तापमान १४४ अंश. फरक पुरेसा वाटतो, पण पाणी कमी होऊन धुराची नळी उघडी पडली की तिथला पत्रा क्षणात २०० अंशांच्या पुढे जातो आणि सांधा सुटतो. म्हणून चांदीचंच झाळकाम, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूने जोडणी. ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली तार मागा. ती ६३० ते ६६० अंशांत वाहते. कॅडमियमवाली स्वस्त असते आणि सुरेख वाहते, पण तिचा धूर विषारी असतो. दुकानदार ‘सगळे हीच नेतात’ म्हणेल. म्हणू दे.

तांबट आळीतल्या कारागिरांचा हात तांब्यावर बसलेला आहे यात शंकाच नाही. टोकाच्या चकत्या लाकडी किंवा लोखंडी साच्यावर ठोकून काठ वळवून घ्यायचं काम त्यांच्यासारखं कोणी करणार नाही, आणि ते जरूर तिथे करून घ्या. पण भांड्याचं काम आणि दाबाचं काम वेगळं. माठारकामाने, म्हणजे हातोडीने ठोकून, तांबं कडक होतं आणि भांड्याला ते हवंच असतं. बॉयलरच्या चकतीला मात्र ठोकताना दोन-तीनदा लाल करून नरम करायला सांगा, नाहीतर वळणावर चीर जाते. झाळकाम वेगळं, ज्याला चांदीच्या झाळीचा सराव आहे अशाकडून. फ्रिज-एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडणारे कारागीर हाताचे चांगले असतात, पण ते बहुधा फॉस्फरसवाली तार वापरतात. आपल्या कामाला तार तुम्ही न्या.

मापं: अंगाला ९० मिमी व्यासाची, १.६ मिमी जाडीची तांब्याची नळी. ३ बारला पत्र्यात येणारा ताण सुमारे ८.५ मेगापास्कल. नरम तांबं २०० च्या आसपास तुटतं. म्हणजे आठपट सुरक्षितता धरूनही भरपूर वाव आहे. टोकाच्या चकत्या सपाट असतात म्हणून त्याच कच्चा दुवा, त्या २.५ मिमीच्या घ्या. धुराची नळी दोन्ही चकत्यांना झाळलेली असल्यामुळे मधला भाग तीच ओढून धरते. वरच्या मोकळ्या भागात मात्र ५ मिमीचा ब्राँझचा एक ताणदांडा आरपार टाका.

झाळताना उष्णता पूर्ण बॉयलरला द्यायची. एका जागी टॉर्च धरून तार वितळवली तर ती नुसती वर बसते, सांध्यात ओढली जात नाही. भाग घासून, सौम्य आम्लात बुडवून, फ्लक्स (तापताना धातू स्वच्छ ठेवणारी लुगदी) लावून, विटांच्या आडोशात सगळं मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि तार सांध्याला टेकवायची, ज्योतीला नाही. सांध्यात फट ०.१ मिमीच्या आसपास हवी. आधी पाणनळ्या धुराच्या नळीत, मग ती नळी पहिल्या चकतीत, मग अंग आणि बुश, शेवटी दुसरी चकती.

चाचणी: कायद्याने २५ लिटरच्या आतला बॉयलर तपासणीतून सुटतो. म्हणजे कोणी साहेब येऊन बघणार नाही, बघायचं ते आपणच. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडाही नको. वजनदार ग्रीस गनसारख्या हातपंपाने दाब चढवा. बॉयलरच्या कमाल दाबाच्या दुप्पट, म्हणजे ३ बारसाठी ६ बार, आणि अर्धा तास तिथेच धरा. काटा उतरला किंवा चकती कायमची फुगली तर नापास. पुढे दर वर्षी दीडपट दाबावर तपासणी. हवेने चाचणी कधीही करू नका. पाणी फुटलं तर टपटपतं, हवा फुटली तर तुकडे उडतात. घरच्या कुकरात शिटीला जेमतेम १ बार असतो, त्यावरून ६ चा अंदाज घ्या.

पाण्याची काच ५ मिमीपेक्षा बारीक घेऊ नका. बारीक नळीत पाणी पृष्ठताणाने चिकटून बसतं आणि बॉयलर रिकामा होत आला तरी काच अर्धी भरलेली दिसते.


चार_चाकी

मधेच घुसतो. हेच १० × १२ चं जुळं इंजिन होडीऐवजी एखाद्या छोट्या गाडीला, म्हणजे रोड रोलर किंवा मालवाहू स्टीम वॅगनला लावलं तर? बॉयलरचा हिशेब तोच ना?


वाफ_आणि_तांबं

बॉयलरचा तोच, इंजिनाच्या जोडणीचा नाही. होडीच्या पंख्यावरचा (प्रोपेलरवरचा) भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. सुरुवातीला पंखा जवळजवळ मोकळा फिरतो, म्हणून होडीचं इंजिन थेट शाफ्टला जोडता येतं. गाडीचं उलट: सगळ्यात जास्त जोर पहिल्या इंचाला लागतो, आणि चढ आला तर पुन्हा. गिअर हवाच.

चाक ८० मिमी व्यासाचं धरा, घेर २५१ मिमी. रोलर सेकंदाला ४० सेंमी चालला तर छान दिसतो. त्याला चाकाचे मिनिटाला ९५ फेरे लागतात. इंजिन १००० वर खुशीत असतं. म्हणजे साडेदहाला एक. दोन टप्प्यांत करा, साडेतीन आणि तीन. एकाच टप्प्यात केलं तर मोठं चाक जमिनीला टेकतं. वॅगन जरा पळती हवी, सेकंदाला १ मीटर, तर तिथे सव्वाचाराला एक पुरतं. वळताना मागची चाकं घासतात, म्हणून डिफरन्शियल नसेल तर एकाच चाकाला गती द्या, दुसरं मोकळं सोडा.

आणि डुलत्या इंजिनाला रस्त्यावरची धूळ अजिबात सोसत नाही. ती पाठींमध्ये शिरली की पाठीला चरे पडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर चालवायची म्हटली तरी इंजिनाला झाकण हवं. गाडीसाठी मी स्लाइड व्हाल्व्हच घेईन.


हौशी_नावाडी

झाळकर काका, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. आता शेवटचे तीन प्रश्न: गॅस कोणता, पंखा कोणता, आणि इंजिनाला तेल कसलं? बाईकचं तेल घरात आहे.


स्लाइड_व्हाल्व्ह

तेलापासून. बाईकचं तेल बाईकलाच. त्यातली मिश्रणं पाण्याशी घुसळली की पांढरट मलई होते आणि सिलिंडरची भिंत कोरडी पडते. स्टीम सिलिंडर ऑइल मागा, दाटपणा (व्हिस्कॉसिटी) ४६० ग्रेड. ते ओल्या वाफेतही धातूला चिकटून राहतं. औद्योगिक तेलाच्या विक्रेत्याकडे मिळतं, अडचण एवढीच की तो डबा मोठा देतो. तुम्हाला वर्षाला पाव लिटरही लागणार नाही, दोघा-तिघांत वाटून घ्या.

तेल पोचवायला विस्थापन लुब्रिकेटर: वाफेच्या नळीला जोडलेली १५-२० घनसेंमीची उभी डबी. नळीला ०.५ मिमीचं भोक. थोडी वाफ आत जाते, थंड होऊन पाणी बनते, तळाला बसते आणि तेवढंच तेल वर ढकलून वाफेत सोडते. दर फेरीनंतर खालच्या स्क्रूतून पाणी काढून तेल भरायचं. पाणी तसंच राहिलं तर पुढच्या वेळी डबी भरलेली दिसते, पण तिच्यात तेल नसतं.

इंजिनातून सुटलेली वाफ थेट धुराड्यात सोडू नका. मधे ६०-८० घनसेंमीची बंद डबी ठेवा. वाफ बाजूने आत येऊन गोल फिरते, तेल-पाणी खाली बसतं, वाफ वरून धुराड्यात. ही डबी नसेल तर तळ्यावर तेलाचा तवंग आणि डेकवर काळे ठिपके.

रबरी रिंगा नायट्राइलच्या आल्या असतील तर फेकून द्या, वाफेत कडक होऊन चिरतात. व्हायटॉन चालतात. ग्लँडमध्ये ग्राफाइट लावलेली दोरी भरली तर सगळ्यात निर्धोक.

पाणी बोअरवेलचं नको, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, नळ्यांवर पांढरा थर बसतो आणि वाफ कमी-कमी होत जाते. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळतं.


पेठेतला_झाळकर

गॅस: कॅम्पिंगच्या स्टोव्हच्या डब्यातला ब्युटेन. घरच्या सिलिंडरमधून भरायचा विचारही करू नका. त्यात प्रोपेन असतो, आणि ४० अंशांच्या उन्हात नुसत्या प्रोपेनचा दाब १२-१३ बारपर्यंत जातो, ब्युटेनचा ३ च्या आत राहतो. मॉडेलची छोटी टाकी ब्युटेनच्याच हिशेबाने बनलेली असते. टाकी तयार, चाचणी झालेलीच घ्या. ही एक गोष्ट घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती लागेल? मिनिटाला ९-१० ग्रॅम वाफ म्हणजे पाण्यात ४००-४४० वॅट उष्णता जायला हवी. निम्मी धुराड्यातून जाते असं धरा. मिनिटाला १ ते १.२ ग्रॅम ब्युटेन. २५ मिनिटांना ३० ग्रॅम. म्हणजे ७०-८० घनसेंमीची टाकी, तीही ८० टक्क्यांच्या वर न भरता. गंमत म्हणून सांगतो, एवढ्या आगीतून पंख्याच्या शाफ्टवर येतात जेमतेम ३ वॅट. होडीला ते पुरतात.

डिसेंबरच्या सकाळी पुण्यात पारा १० अंशांवर असतो. तेव्हा ब्युटेनचा दाब अर्ध्या बारवर येतो, शिवाय गॅस उडताना टाकी आणखी गार होते आणि ज्योत मरायला लागते. टाकी बॉयलरच्या जवळ, पण चिकटून नाही, दोन-तीन सेंमीवर ठेवा. फार झालं तर कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळा. गरम पाणी ओतू नका. टाकी उभी किंवा झडप वरच्या बाजूला राहील अशीच बसवा. होडी कलली आणि द्रव गॅस जेटमध्ये शिरला तर बर्नर पिवळा भडका मारतो.

सगळ्यात धोक्याचं हे: ब्युटेन हवेपेक्षा जड. वाऱ्याने ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला तर तो हलच्या तळाशी साचतो. विझलेली होडी काठाला आली की आधी गॅस बंद, डेक उघडा, होडी तिरकी करून तळातला गॅस ओतून टाका, पुठ्ठ्याने वारा घाला, आणि मग काडी. बॉयलरखाली हलला हवा यायला दोन मोठी भोकं ठेवा, बर्नरलाही तीच हवी असतात.

सेफ्टी व्हाल्व्हची परीक्षा घरीच करा. इंजिन बंद, गॅस पूर्ण, पाणी काचेच्या वरच्या रेघेवर. व्हाल्व्ह सुटल्यावरही काटा ३ बारच्या पुढे १० टक्क्यांहून जास्त चढला तर व्हाल्व्ह लहान आहे. स्प्रिंग सैल करून हे सुटत नाही, भोकच मोठं हवं.


वाफ_आणि_तांबं

पंख्याचं राहिलं. इलेक्ट्रिक बोटीचे ४० मिमीचे पंखे इथे कामाचे नाहीत. ते हजारो फेऱ्यांसाठी असतात, ८०० फेऱ्यांवर नुसते पाणी ढवळतात आणि मोकळं सुटलेलं इंजिन वाफ पिऊन टाकतं. तुम्हाला ७५ मिमी व्यासाचा, ९० मिमी पिचचा (घसरण नसेल तर एका फेऱ्यात तेवढा पुढे सरकणारा), तीन-चार पात्यांचा पितळी पंखा हवा. ८०० फेरे म्हणजे सेकंदाला १३.३. गुणिले ९० मिमी, १.२ मीटर. ३५ टक्के घसरण वजा केली की सेकंदाला ७८ सेंमी, म्हणजे तुमची रमतगमत चाल. मात्र हलच्या मागच्या बाजूला ७५ मिमी मावतात का ते आत्ताच मोजा. पाती आणि हल यांत ७-८ मिमी तरी फट हवी. मावत नसेल तर ६५ मिमीचा घ्या आणि फेरे ९५० पर्यंत जातील, वाफही त्या प्रमाणात जास्त लागेल हे धरून चाला.

इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत बसवताना आधी कपलिंगच्या जागी एक अखंड पितळी नळी दोन्ही टोकांवर सरकवा आणि इंजिनाचा पाया तसाच एपॉक्सीने बसवा. सुकल्यावर नळी काढून लवचिक कपलिंग लावा. कपलिंग आहे म्हणून तिरपं चालेल असं धरलं तर ३ वॅटांतला एक तिथेच संपतो. बोटाने पंखा फिरवला की इंजिनासकट सहज फिरायला हवा.

पाया चिकटवायच्या आधी एक करा. बॉयलरच्या वजनाएवढी वाळू भरलेली ९० मिमीच्या पीव्हीसी पाइपची नळी, इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाचं लोखंड, असं ठेवून होडी गच्चीवरच्या टाकीत किंवा हौदात सोडा. बॉयलर एक-दोन सेंमी पुढे-मागे सरकवून पाण्याची रेघ सरळ झाली की तिथे मार्करने खूण. मग काठ बोटाने १५ अंश दाबून सोडा. झटकन उठली तर ठीक. आळसावून उठली तर बॉयलर फार उंच बसलाय, खालच्या चौकटी कमी करा. उभा बॉयलर दिसायला कितीही आवडला तरी २४ सेंमी रुंदीत मी तो टाकणार नाही.


हौशी_नावाडी

सगळं वहीत उतरवलं. मागची जागा मोजली: हलपासून सुकाणूच्या टाचेपर्यंत (खालच्या आधारापर्यंत) ८४ मिमी.


वाफ_आणि_तांबं

मग ६५ चाच. वर ८ आणि खाली टाचेशी ४ मिमी फट सोडली की ७२ उरतात, ७५ बसत नाही. पिच ९० च ठेवा आणि बॉयलरमध्ये पाणनळ्या १० ऐवजी १२ टाका, वाढलेल्या फेऱ्यांपैकी बरीचशी भूक त्यात भागेल. उरलेली रेडिओच्या काडीवर, पूर्ण वाफ सतत लागतच नाही.